विश्लेषण : खांद्याजवळचे हाड मोडले, प्लेट टाकायची की नाही?

ऑक्टोबर महिना. लोहा तालुक्यात सोयाबीनची काढणी सुरू असते, घरातली सगळी माणसे शेतात. मागे घरी राहिलेली सत्तरीतली आजी गोठ्यात शेण काढताना घसरते आणि हातावर पडते. संध्याकाळपर्यंत खांदा सुजतो. लोह्यात एक्स-रे निघतो. डॉक्टर सांगतात, ‘‘खांद्याजवळ हाड मोडलंय. नांदेडला दाखवा, कदाचित प्लेट टाकावी लागेल.’’

घरी आल्यावर दोन मते पडतात. थोरला म्हणतो, ‘‘आजच ऑपरेशन करून टाकू, पैशाचं बघू काहीतरी.’’ धाकटा म्हणतो, ‘‘आधी रास होऊ द्या, मग बघू. तोवर हाडं बसवणाऱ्याकडं नेऊ.’’

हे चित्र एका घरापुरते नाही. मराठवाड्यात कोणत्याही गावात ते दिसू शकते. दोघांच्याही म्हणण्यात एकेक चूक आहे. अशा बहुतेक फ्रॅक्चरना प्लेट लागतच नाही, हे थोरल्याला माहीत नसते. आणि ज्यांना ती लागते, त्यांच्यासाठी रास होईपर्यंतचा काळ उशिराचा ठरू शकतो, हे धाकट्याला माहीत नसते. निर्णयासाठी हाताशी असतात साधारण दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत काय तपासायचे, काय विचारायचे, याविषयी...

नेमके काय मोडते?

दंडात एकच हाड असते. त्याचे वरचे टोक गोळ्यासारखे गोल असते आणि ते खांद्याच्या उथळ वाटीत फिरते. या गोळ्याच्या बाजूला दोन उंचवटे असतात, एक मोठा, एक छोटा. हात वर उचलणारे आणि फिरवणारे चार स्नायू या उंचवट्यांना चिकटलेले असतात. त्यांना मिळून ‘रोटेटर कफ’ म्हणतात. गोळ्याखाली हाड अरुंद होऊन सरळ नळीसारखे खाली कोपरापर्यंत जाते. मोडण्याची सर्वांत नेहमीची जागा म्हणजे हा अरुंद भाग.

ही इजा प्रामुख्याने दोन प्रकारच्या लोकांना होते. पहिला मोठा गट साठीपुढच्या माणसांचा, त्यातही स्त्रियांचा. मासिक पाळी थांबल्यानंतर हाडे झपाट्याने विरळ होतात. मग न्हाणीत, उंबऱ्यावर किंवा गोठ्यात उभ्या उंचीवरून पडणेही पुरते. दुसरा गट तरुणांचा. मोटारसायकलचा अपघात किंवा उंचावरून पडणे हे त्यांच्यातले कारण. तरुणाचे घट्ट हाड मोडायला जोराचा मार लागतो, म्हणून त्यांच्यात इतर जखमाही असू शकतात.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक कारण ध्यानात ठेवावे. विहिरीवरच्या मोटारीचा विजेचा धक्का बसला किंवा फिट आली, तर स्नायू इतक्या जोरात आवळले जातात की खांद्याचा गोळा मागच्या बाजूला निखळतो आणि सोबत मोडतोही. समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेमध्ये हे निसटू शकते. शॉक बसल्यानंतर हात बाहेरच्या बाजूला वळतच नसेल, तर डॉक्टरांना शॉक बसल्याचे आवर्जून सांगावे.

पहिल्या काही तासांत काय करावे?

हात कोपरात दुमडून छातीशी धरावा आणि ओढणीची किंवा उपरण्याची झोळी करून गळ्यात अडकवावा. बांगड्या, पाटल्या, अंगठ्या लगेच काढाव्यात. सूज बोटांपर्यंत उतरली की त्या कापाव्या लागतात. कापडात गुंडाळून बर्फ लावता येतो.

तेल लावून चोळणे, हात ओढून ‘बसवणे’ किंवा कामट्या लावून आवळून बांधणे टाळावे. खांद्याच्या सांध्याला कामट्यांचा आधार मिळतच नाही. उलट बगलेतून जाणाऱ्या रक्तवाहिनीला आणि नसांना इजा होण्याचा धोका वाढतो.

दोन-तीन दिवसांनी दंड, कोपर, कधी छातीची बाजूही काळी-निळी पडते. घरचे घाबरतात. पण हे आतले रक्त खाली उतरल्याने होते, नवी इजा नसते.

काही खुणा मात्र रात्रभरही थांबू देत नाहीत. हात गार पडणे, मनगटावरची नाडी न लागणे, बोटे हलवता न येणे, हाडाजवळ जखम होऊन रक्त येणे किंवा खांद्याचा आकारच बदललेला दिसणे, यांपैकी काहीही असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मोठे रुग्णालय गाठावे.

एक एक्स-रे पुरतो का?

पुरत नाही. खांदा निदान दोन, शक्यतो तीन दिशांनी पाहावा लागतो. तुकडे जास्त असतील किंवा गोळाच फुटला असल्याची शंका असेल, तर सीटी स्कॅन करतात. प्लेट टाकायची की नाही, हा निर्णय पुष्कळदा त्यावरच फिरतो.

मोबाइलवर एक्स-रेचा फोटो पाठवून ओळखीच्या डॉक्टरांचे मत घेण्याची पद्धत आता गावोगावी आहे. पहिल्या अंदाजासाठी ती ठीक आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र रुग्णाला तपासल्याशिवाय घेऊ नये. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का, म्हणजे तिथली नस दबली आहे का, हे फोटोत दिसत नाही.

कागदावर ‘टू पार्ट’, ‘थ्री पार्ट’ लिहितात, त्याचा अर्थ काय?

अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७० मध्ये मांडलेली ही वर्गवारी जगभर वापरली जाते. त्यांनी हाडाच्या वरच्या टोकाचे चार भाग मानले : गोळा, मोठा उंचवटा, छोटा उंचवटा आणि खालची नळी. यातला भाग एक सेंटिमीटरहून जास्त सरकला असेल किंवा ४५ अंशांहून जास्त वळला असेल, तरच तो ‘सुटा तुकडा’ धरायचा.

यातली मेख अशी की, एक्स-रेमध्ये चार ठिकाणी भेगा दिसल्या तरी तुकडे जागेवर असतील, तर ते फ्रॅक्चर ‘वन पार्ट’च, म्हणजे सौम्य, ठरते. ‘हाडाचा चुरा झालाय’ हे शब्द ऐकून हबकण्याआधी ‘तुकडे किती सरकले आहेत?’ हा प्रश्न विचारावा.

सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते का?

नाही. या प्रकारच्या दहापैकी सुमारे आठ फ्रॅक्चरमध्ये तुकडे फारसे सरकलेले नसतात. दोन ते तीन आठवडे झोळी, दुखण्यावर गोळ्या आणि मग टप्प्याटप्प्याने व्यायाम, एवढ्यावर ती सांधतात. खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे. हाड थोडे वाकडे जुळले, तरी बाकीच्या हालचालीत ते बरेचसे भरून निघते.

तुकडे सरकलेल्या फ्रॅक्चरचे काय, हा जुना वाद होता. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत २५० रुग्णांवर झालेल्या ‘प्रोफर’ या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांना झोळी आणि व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या खांद्यांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही तेच आढळले. २०२२ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित धांडोळा घेणाऱ्या ‘कोक्रेन’ आढाव्यानेही बहुतेक सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये शस्त्रक्रियेने वर्ष-दोन वर्षांनंतरचा परिणाम अधिक चांगला होत नाही, असेच म्हटले.

पण या निष्कर्षाची मर्यादाही पाहावी लागेल. ज्यांना शस्त्रक्रिया उघडपणे गरजेची होती, असे रुग्ण ‘प्रोफर’मध्ये घेतलेच नव्हते. शिवाय बिनशस्त्रक्रियेच्या गटाला नुसते घरी बसवले नव्हते. त्यांना फिजिओथेरपी मिळत होती. आपल्याकडे ‘ऑपरेशन नको’ याचा अर्थ अनेकदा ‘काहीच नको’ असा होतो. हात तीन महिने गळ्यात राहतो आणि खांदा कायमचा आखडतो. दोष तेव्हा झोळीचा नसतो. झोळी वेळेवर न सोडण्याचा असतो.

मग प्लेट कोणाला खरोखर लागते?

अस्थिरोगतज्ज्ञ साधारणपणे पुढील परिस्थितीत शस्त्रक्रियेचा विचार करतात :

- गोळा वाटीतून निखळला आहे आणि सोबत हाडही मोडले आहे.
- नळी आणि गोळा एकमेकांपासून पूर्ण सुटले आहेत, टोकाला टोक लागतच नाही.
- मोठा उंचवटा वर किंवा मागे सरकला आहे. तो तसाच जुळला, तर हात वर नेताना वरच्या हाडाला अडतो.
- गोळाच उभा चिरला आहे. अशा वेळी वयानुसार प्लेट किंवा सांधेरोपण.
- रक्तवाहिनी तुटली आहे किंवा हाड जखमेतून उघडे पडले आहे.
- रुग्ण तरुण, अंगमेहनतीचे काम करणारा आहे आणि तुकडे बरेच सरकले आहेत.

वय हा एकच निकष नाही. सत्तरीतली पण रोज शेतात जाणारी बाई आणि साठीतला पण अर्धांगवायूने अंथरुणावर असलेला पुरुष, या दोघांचे एक्स-रे सारखे असले तरी उत्तर वेगळे असू शकते. हाडाची ताकद, मधुमेह-हृदयविकारासारखे आजार, हाताकडून असलेली कामाची गरज आणि नंतर व्यायाम करण्याची तयारी, हे सगळे तराजूत घालावे लागते.

घाई किती करायची?

रक्तवाहिनीची इजा, उघडी जखम किंवा निखळलेला गोळा असेल, तर तातडी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी ‘आज रात्रीच’ अशी गरज नसते. सीटी स्कॅन करायला, साखर आटोक्यात आणायला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला काही दिवस मिळतात.

मात्र दोन आठवड्यांच्या आत निर्णय व्हावा. तीन आठवड्यांनंतर तुकड्यांभोवती नवे हाड धरू लागते. मग ते तोडून तुकडे पुन्हा जागेवर आणावे लागतात. रक्तस्राव वाढतो आणि जुळणीही तितकी नेटकी होत नाही. ‘रास होऊ द्या’ म्हणणाऱ्या घराचे नुकसान इथे होते. प्लेट न टाकण्याचा निर्णय तज्ज्ञाने तपासून दिला असेल तर तो उपचार आहे. तपासायलाच उशीर केला तर तो निर्णय नव्हे, हातची वेळ गेलेली असते.

प्लेट हाडाला धरून कशी ठेवते?

हाडावर धातूची पट्टी बसवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील हॅम्बुर्गचे शल्यविशारद कार्ल हान्समन यांनी १८८६ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला होता. पुढची शंभरेक वर्षे प्लेटचे तत्त्व साधारण एकच राहिले : स्क्रू आवळून पट्टी हाडावर दाबायची. घट्ट हाडात हे छान चालते. विरळ झालेल्या हाडात मात्र वाळवी लागलेल्या लाकडात खिळा ठोकावा तसे होते. स्क्रूची पकड सुटते आणि प्लेट हलू लागते.

खांद्याच्या बाबतीत हे चित्र २००० नंतरच्या काही वर्षांत ‘लॉकिंग प्लेट’ने बदलले. या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि प्लेटच्या भोकातही. स्क्रू हाडात जातो आणि त्याच वेळी प्लेटमध्ये घट्ट अडकतो. सगळे स्क्रू आणि प्लेट मिळून एकच सांगाडा तयार होतो. गोळ्यात जाणारे स्क्रू वेगवेगळ्या दिशांना फाकलेले असतात, त्यामुळे एखादा ओढला गेला तरी बाकीचे धरून ठेवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘फिलॉस’ असे लिहिलेले दिसते, ते याच प्रकारच्या खांद्याच्या प्लेटचे नाव. ती स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमची असते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

पूर्ण भूल देऊन किंवा मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, पुष्कळदा दोन्ही. खांद्याच्या पुढच्या बाजूला, दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून हाडापर्यंत पोहोचतात. उंचवट्यांना चिकटलेल्या स्नायूंत जाड, न विरघळणारे दोरे ओवून त्यांच्या साह्याने सरकलेले तुकडे ओढून जागेवर आणतात. सी-आर्म या हलत्या एक्स-रे यंत्रावर जुळणी पाहतात, मग बाहेरच्या बाजूने प्लेट बसवतात. शेवटी ते दोरे प्लेटच्या बारीक भोकांना बांधतात. विरळ हाडात स्क्रूइतकाच भरवसा या दोऱ्यांवर असतो.

दोन बारकावे महत्त्वाचे. प्लेट मोठ्या उंचवट्याच्या टोकापासून थोडी खाली बसावी लागते. वर राहिली तर हात उचलताना ती वरच्या हाडाला अडते. दुसरे, गोळ्याच्या आतल्या-खालच्या बाजूला आधार हवा. छपराला खालून टेकू द्यावा तसा तिथे एखादा तिरपा स्क्रू घालतात. तो टेकू नसेल, तर गोळा हळूहळू आतल्या बाजूला कलतो.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, दमा, आधीची शस्त्रक्रिया यांची माहिती भूलतज्ज्ञांपासून लपवू नये. तंबाखू, मिश्री, विडी यांतील निकोटीन हाड जुळण्याच्या आड येते. ते त्याच दिवसापासून बंद करणे हा औषधाचाच भाग आहे.

धोके कोणते?

प्लेट म्हणजे हमी नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लॉकिंग प्लेट बसवलेल्या ५१४ रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात सुमारे १४ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसले. म्हणजे साधारण सातांत एक.

यात प्रमुख अडचण असते गोळा खचण्याची. हाड बसते, पण स्क्रू तिथेच राहतात आणि त्यांची टोके गोळ्यातून बाहेर येऊन वाटीला घासू लागतात. महिन्या-दोन महिन्यांनी हात हलवताना एकाएकी करकर आवाज येऊन दुखू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता एक्स-रे काढावा. दुसरी अडचण गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची. मोडतानाच रक्तवाहिन्या तुटल्या असतील, तर गोळा सुकत जातो. हे वर्ष-दोन वर्षांनीही लक्षात येते. जंतुसंसर्ग, नसेला धक्का आणि खांदा आखडणे हेही धोके आहेत. जखमेतून पू, ताप, वाढती लाली दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

प्लेटऐवजी दुसरे काही?

काही फ्रॅक्चरमध्ये नळीच्या आत सळई घालतात. वयस्क रुग्णाचा गोळा अनेक तुकड्यांत फुटला असेल तर सांधेरोपणाचा पर्याय असतो. त्यातल्या ‘रिव्हर्स’ सांध्यात गोळा वाटीच्या जागी आणि वाटी गोळ्याच्या जागी बसवतात. फ्रान्सचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये या सांध्याला आजच्या वळणाचे रूप दिले. रोटेटर कफ निकामी झाला असला तरी दंडावरचा मोठा स्नायू एकटा हात उचलू शकतो, हा त्याचा फायदा. नॉर्वेतील एका चाचणीत ६५ ते ८५ वयाच्या, जास्त सरकलेल्या फ्रॅक्चरच्या रुग्णांत दोन वर्षांनी हा सांधा प्लेटपेक्षा सरस ठरला. पण तो महाग आहे आणि त्यासाठी खांद्याच्या कामाचा सराव असलेला सर्जन लागतो.

खर्चाचे काय?

लोह्याहून नांदेड सुमारे ३५ किलोमीटरवर, तर लातूर शंभरेक किलोमीटरवर आहे. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अशी दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालये या रस्त्याच्या दोन टोकांना आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

खासगी रुग्णालयात जायचे ठरले, तरी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ही योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. आता आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पांढरे रेशनकार्ड असलेली कुटुंबेही त्यात येतात.

रुग्णालयात ‘आरोग्यमित्रा’चा टेबल असतो. तिथे रेशनकार्ड, आधार, असल्यास आयुष्मान कार्ड दाखवून दोन गोष्टी विचाराव्यात : हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि हीच शस्त्रक्रिया इथे योजनेतून होते का? योजनेच्या पॅकेजमध्ये तपासण्या, शस्त्रक्रिया, इम्प्लांट, औषधे आणि रुग्णाचे जेवण धरलेले असते. त्यामुळे मंजुरीनंतर ‘प्लेटचे पैसे वेगळे’ अशी मागणी झाली, तर १५५३८८ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

पैसे भरून शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी प्लेटचा प्रकार, धातू आणि कंपनी आधी लिहून मागावी. प्लेटच्या वेष्टनावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावे. पुढे कधी प्लेट काढायची झाली किंवा एमआरआय करायचा झाला, तर हीच माहिती लागते.

खरी लढाई नंतरची का?

प्लेट असो वा झोळी, खांदा चालू होतो तो व्यायामाने. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. मग डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून झुलता व्यायाम : कमरेत वाकायचे, बरा हात टेबलावर टेकवायचा, दुखरा हात सैल सोडायचा आणि जाते फिरवल्यासारखा लहान गोल फिरवायचा. त्यानंतर बऱ्या हाताने किंवा काठीच्या आधाराने दुखरा हात वर नेणे, भिंतीवर बोटे चालवत चढवणे, आढ्याला कप्पी टांगून दोराने हात ओढणे.

सुमारे सहा आठवड्यांनी एक्स-रेमध्ये हाड धरलेले दिसले की स्वतःच्या ताकदीने हात उचलायला सांगतात. वजन उचलण्याचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. तोवर घागर, हंडा, धुणे पिळणे, धार काढणे आणि दुचाकी चालवणे बंद. भाकरी थापायलाही डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत थांबावे.

रोज लोह्याहून नांदेडला फिजिओथेरपीसाठी जाणे बहुतेकांना झेपणारे नाही. त्यावर एक साधा तोडगा आहे. पहिल्या भेटीत घरातल्या एकाला सोबत न्यावे, व्यायाम शिकून घ्यावेत आणि फिजिओथेरपिस्टच्या परवानगीने त्यांचे मोबाइलवर चित्रीकरण करावे. घरी दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटे. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जावे.

काही लहान गोष्टींनी त्रास बराच कमी होतो. ब्लाउज पुढून उघडणारा असावा. घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. झोपताना पाठीमागे उशा रचून अर्धवट बसते झोपावे आणि दंडाखाली घडी केलेली चादर ठेवावी. बगल रोज पुसून कोरडी ठेवावी.

हात पूर्वीसारखा कानाला टेकेलच, असे वचन कोणी देऊ नये. ध्येय कामाचे असावे : घास तोंडापर्यंत जाणे, केस विंचरून अंबाडा घालता येणे, लुगडे नेसता येणे. सुधारणा वर्षभर होत राहते. तिसऱ्या महिन्यात हात अर्धाच जातोय म्हणून व्यायाम सोडू नये.

ही पहिली घंटा का मानायची?

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले, याचा अर्थ हाडेच विरळ झाली आहेत. पुढचे पडणे मनगटावर, मणक्यावर किंवा खुब्यावर जाऊ शकते, आणि खुब्याचे फ्रॅक्चर म्हाताऱ्या माणसाला अंथरुणाला खिळवते. खांद्यावर उपचार करून घरी आणले आणि हाडांच्या विरळपणावर काहीच केले नाही, तर काम अर्धेच झाले. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासावे, शक्य असल्यास हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी करावी आणि विरळपणावरच्या औषधांबद्दल डॉक्टरांना आपण होऊन विचारावे.

घरात न्हाणीची शेवाळलेली फरशी घासावी, रात्री गोठ्याकडे आणि संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा ठेवावा, मोतीबिंदू झाला असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. जनावराचा कासरा हाताला गुंडाळून धरू नये. जनावर बुजले की माणूस ओढला जातो.

डॉक्टरांना काय विचारावे?

१. तुकडे किती सरकले आहेत? सीटी स्कॅनची गरज आहे का?
२. शस्त्रक्रिया केली नाही, तर या वयात, या कामासाठी हात कितपत चालेल?
३. केली, तर नेमका काय फायदा अपेक्षित आहे? पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता किती?
४. प्लेट, सळई की सांधा? हाच पर्याय का?
५. किती दिवस थांबता येईल?
६. योजनेतून होईल का? नसेल तर एकूण खर्च लिहून द्याल का?
७. व्यायाम कोणत्या दिवशी सुरू करायचा आणि कोण शिकवणार?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तरे स्पष्ट मिळत नसतील, तर दुसरे मत घेण्यात गैर काही नाही. दोन आठवड्यांत ते सहज जमते.

आता थोरल्या आणि धाकट्याच्या वादाकडे परत. आजीला दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला न्यावे, नीट तपासून घ्यावे, हे सात प्रश्न विचारावेत. बहुधा उत्तर झोळी आणि व्यायाम असेच येईल आणि राशीलाही खोळंबा होणार नाही. प्लेटच लागणार असेल, तर ती वेळेत लागेल. आणि उत्तर कोणतेही आले, तरी घरातल्या एकाने रोज संध्याकाळी अर्धा तास आजीजवळ बसून तिच्याकडून हात हलवून घ्यायचा आहे.